सव्वीस पोळ्या

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. नाव घेण्याची खोड एकदा महागात पडलीय, आणि मला पडली त्याहून दुसऱ्याला जास्त. एवढं समजा की गाव बऱ्यापैकी मोठं आहे, नगरपालिका आहे, आणि गावाबाहेर माळावर कचऱ्याचा एक कारखाना आहे. तो बघायला लोक रांग लावतात. हो, कचरा बघायला! पूर्वी आमच्या ढकलगाडीजवळून जाताना नाकाला पदर लावणारी माणसं आता शनिवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून येतात. आणि त्यांना तो कारखाना फिरवून दाखवते ती मी, छबू खिलारे. वय अठ्ठावन्न. बावीस वर्षं याच गावच्या गल्ल्यांतून हातानं कचरा निवडला. गेली चार वर्षं निळा कोट घालून, कानाला माइक लावून त्याच कचऱ्यावर भाषण देतेय.

भाषण मी झकास देते, उगाच कशाला लाजू. लोकांना हसवते, कोपरखळ्या मारते, पोरांना गप्प बसवते. साहेब म्हणतात, छबूबाई, तुम्ही नाटकात असायला हव्या होत्या. खरं सांगायचं तर तिथंच घोळ झाला.

आमच्या निवडणाऱ्या बायकांत एक रीत होती. नवी बाई कामाला आली की जुनी बाई पहिल्या दिवशी तिच्या हातात कुठल्यातरी घरची पिशवी द्यायची. आतलं सगळं निवडून झालं की विचारायची, "हे कुठलं गं?" नवीनं म्हणायचं, "रस्त्यावरचं." घराचं नाव तोंडातून निघालं तर त्या दिवसाचा चहा बंद आणि उद्या परत पहिल्यापासून. कारण कचऱ्यात सगळं दिसतं. कोण चोरून पितं, कुणाला मूल नकोय, कुणाकडे आठवडाभर भाजी आली नाही. आम्हाला अख्खं गाव आतून ठाऊक होतं, आणि मेलो तरी आम्ही बोललो नसतो. आमच्याकडे तेवढी एकच इज्जत होती.

मग मशीन आलं. त्याचं नाव 'ठसा'.

फेरीत मी ते असं समजावते. तुमच्या तळहातावर लाखो जंतू राहतात. घाबरू नका, चांगले असतात. पण प्रत्येकाच्या हातावर त्यांचं मिश्रण वेगळं. जसं दूध एकाच डेअरीचं असलं तरी प्रत्येक घरचं विरजण वेगळं लागतं, तसं. तुम्ही बटाट्याची साल टाका नाहीतर औषधाची बाटली, तुमच्या हातची ही वस्ती तिच्यावर आठ-दहा दिवस टिकते. पट्ट्यावरून कचरा पुढं सरकतो, त्यावर हवेचा झोत बसतो, उडालेली धूळ एका चिपवर जाते आणि दोन सेकंदांत तिच्यातल्या जंतूंची जनुकं वाचली जातात. शेजारचा कॅमेरा वस्तू कुठली ते ओळखतो. घरोघरी डबे वाटताना नगरपालिकेनं प्रत्येकाच्या तळहातावर कापसाचा बोळा फिरवून नमुना घेऊन ठेवलाय. तेव्हा ओल्या कचऱ्यात कुणी काच टाकली, तर ती कुणाच्या हातची ते मशीनला कळतं.

एक गोष्ट मात्र मशीनला वाचू देत नाहीत. तोंडातले जंतू. थुंकीवरून माणसाचे आजार कळतात, आणि ती माहिती विमावाल्यांच्या हाती गेली तर लोकांचं काही खरं नाही, म्हणून कायद्यानंच ते बंद केलंय. मशीन हात ओळखतं, तोंड ओळखत नाही. मला हे पाठ आहे. दर शनिवारी सांगते.

फेरीतला शेवटचा खेळ लोकांना फार आवडतो. पाहुण्यानं काचेवर तळहात ठेवायचा. मशीन त्यानं आठवड्यात काय काय टाकलं ते पडद्यावर दाखवतं, आणि एखादा नमुना ट्रेमधून माझ्यापुढं येतो. मी काचेच्या आत हातमोजे घालून तो उघडते, लोक पाच फुटांवरून बघतात. नियम एवढाच की ज्याचं त्याचं घर दाखवायचं. परघरचं पान कुलूपबंद असतं. ते फक्त माझ्या अंगठ्यानं उघडतं, आणि तेही कुणी सुया किंवा विषारी रसायनं टाकली असतील तर.

फेब्रुवारीतला शनिवार. हिरवाई सोसायटीच्या बायका आल्या होत्या आणि त्यांना घेऊन आली होती मृणाल वेल्हाळ. मी तिला ती शाळेत जायची तेव्हापासून ओळखते. तिचे वडील तात्या, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले फिटर, चार नंबरच्या प्रभागात एकटे राहतात. मला 'अहो छबूबाई' म्हणणारा त्या गल्लीतला एकच माणूस. नियम यायच्या आधीपासून ओला-सुका कचरा वेगळा ठेवायचे, काच असली तर कागदात गुंडाळून वर लाल पेनानं 'काच' लिहायचे. माझा हात कापू नये म्हणून! बायको गेल्यापासून मृणाल रोज सकाळी ऑफिसला जाताना त्यांना डबा पोचवायची. पोळ्या, भाजी, आमटी. पतसंस्थेत नोकरी, वय बेचाळीस, लग्न नाही. बाप आणि नोकरी, एवढाच संसार.

कारखान्याचे गवंडेसाहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "छबूबाई, आज जरा रंगवा. मुंबईचे पाहुणे आलेत."

मी रंगवलं. बायका खो खो हसत होत्या. शेवटी मृणाल पुढं आली, तिनं काचेवर हात ठेवला. पडद्यावर अक्षरं आली: 'वर्गीकरण उत्तम. तक्रार नाही.'

"बस, एवढंच?" मागून कुणीतरी म्हणालं. "एवढ्या लांब आलो, अन् हिचा कचरासुद्धा पहिल्या नंबरात!"

सगळ्या हसल्या, पण ते हसू पडेल होतं. मुंबईचा पाहुणा घड्याळ बघायला लागला. आणि पडद्याच्या तळाशी एक ओळ लुकलुकत होती: 'या हाताचा ठसा परघरच्या कचऱ्यात आहे. दाखवू?'

मी अंगठा टेकवला. मशीननं कारण विचारलं. सुया, रसायनं, इतर. मी 'इतर' दाबलं.

'प्रभाग चार, घर एकशे बारा. पोळी. सात दिवसांत सव्वीस. न खाता टाकलेल्या.'

"हे तर तात्यांचं घर," मृणाल म्हणाली.

"पण पोळीवर ठसा कसा राहील? भाजल्यावर जंतू मरतात ना?" पाहुण्यानं विचारलं. हुशार होता.

"भाजल्यावर मरतात साहेब, पण नंतर तूप लावून घडी घालायला हात लागतोच की!" मी म्हणाले. पाहुणा खूश. मी त्याहून खूश.

ट्रे आला. आत वर्तमानपत्राची पुडी. मी ती उघडली.

आता इथं खोटं बोलण्यात अर्थ नाही. मला दिसलं. त्या पोळ्या टाकलेल्या नव्हत्या. कागदात वाळलेले गोळे होते, चावून चावून, रस गिळून, उरलेला चोथा तोंडातून काढून ठेवलेले. मशीननं वजन केलं, हात ओळखला आणि 'न खाता' म्हणून मोकळं झालं. पण मी बावीस वर्षांत असे गोळे दोन घरांतून उचलले होते. दोन्ही घरांपुढं वर्षाच्या आत तिरडी बांधलेली बघितली होती. घास खाली उतरत नाही तेव्हा माणूस असं करतो.

माझा हात थांबला. फार तर दोन-तीन सेकंद. काचेपलीकडं वीस तोंडं माझ्याकडं बघत होती, पुढचा विनोद कधी येतो म्हणून. अहो, आयुष्यभर लोकांनी माझ्याकडं बघून तोंड फिरवलं. आणि आता हे. मी पुडी झटकन मिटली आणि म्हणाले, "मृणाल, तुझ्या पोळ्या तात्या वर्तमानपत्राला भरवतात गं!"

काय हसले लोक! पाहुण्यानं टाळी वाजवली. मृणालही हसली, आणि मग तिचं हसू उतरलं.

"साडेपाचला उठून करते मी त्या," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. ती काचेला चिकटून उभी होती, मला गेलं.

कुणीतरी चित्रण केलं होतं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या प्रभागाच्या फोनवर फिरलं. पुढच्या महिन्याच्या सगळ्या फेऱ्या भरल्या. गवंडेसाहेबांनी पेढे वाटले. त्यांना मी म्हटलं, "साहेब, परघरचं पान उघडलं हो, चूक झाली." ते म्हणाले, "अहो, पोळ्याच तर होत्या. कुणाचं काय गेलं?" मीही तेच धरून बसले. काय गेलं? मशीननं जे दाखवलं ते मी वाचलं. रोज सकाळी आरशापुढं वेणी घालताना हेच म्हणायचे, आणि चार नंबरची गल्ली टाळून लांबून कामावर जायचे.

मार्च सरत आला. ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यावर माझी जुनी सोबतीण इंदू वायदंडे काम करते. ती अजून हातानं निवडते. मशीनच्या फेऱ्यात न सापडणारं प्लास्टिक ती काढते. दुपारी डबा खाताना म्हणाली, "छबे, एकशे बाराच्या पिशवीत आता काही येत नाही."

"काही म्हणजे?"

"चहाची पूड अन् बिस्किटांचा चुरा. महिना झाला. भाजीचं देठ नाही, काही नाही. आधी चोथा तरी यायचा."

"कसला चोथा?" मी विचारलं. काय हा माझा निर्लज्जपणा!

इंदूनं हातातला घास खाली ठेवला. "फेरीत ती पुडी तूच उघडलीस ना?"

"मशीननं न खाल्लेल्या म्हणून दाखवल्या गं. मशीन तोंडाचं वाचत नाही."

"मी मशीनचं विचारलं नाही," इंदू म्हणाली आणि डबा उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. सव्वीस वर्षांची सोबत आमची. ती पहिल्यांदा माझ्या शेजारून उठून गेली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तात्यांकडे गेले. दार त्यांनीच उघडलं. सदऱ्याच्या गळ्यात आणखी एक मान मावली असती.

"या या, छबूबाई! मोठ्या गाइड झालात, गल्ली विसरलात," म्हणाले. चहा टाकला. स्वतःच्या कपात बिस्किट पार विरघळवलं आणि एकेक घोट मान वर करून, डोळे मिटून खाली ढकलायला लागले.

"तात्या, घास कधीपासून अडकतोय?"

त्यांनी कप खाली ठेवला. "दिवाळीपासून. आधी पोळी. मग भात."

"आणि मृणालला काय सांगितलंत?"

"ती आली त्या दिवशी फणफणत. पोळ्या का टाकता म्हणाली. मी म्हणालो, आवडत नाहीत. तर म्हणाली, मग उद्यापासून आणत नाही." तात्या हसले. "रागीट आहे. आईवर गेलीय."

"खरं सांगायचं होतं ना हो!"

"काय सांगू? तिची आई तीन वर्षं अंथरुणाला होती. पोरीनं नोकरी सोडली, जमलेलं लग्न मोडलं, आईचं सगळं काढलं. आता कुठं बसतं झालंय. पहिल्या जूनला पुण्याच्या शाखेत मोठी जागा मिळतेय तिला. मी हे बोललो तर ती जाईल का? एकदा पुण्याला जाऊ दे. मग बघू."

"पण डबा बंद झाला, तुम्ही खाताय काय?"

"तेच जरा अवघड झालं," तात्या म्हणाले. "पोळी जात नव्हती, पण तिची आमटी जायची. पातळ करून दोन वेळा पुरवायचो."

आमटीचा कचरा होत नाही. मशीननं सव्वीस पोळ्या मोजल्या, आणि ज्या आमटीवर हा माणूस जगत होता ती मशीनला दिसलीच नाही. मला दिसलं होतं, आणि मी ती आमटी बंद पाडली.

"माफ करा तात्या," मी म्हटलं. "मशीननं घोळ केला."

"मशीनला काय कळतंय! तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" आणि हे म्हणून त्यांनी चक्क बिस्किटांची बशी माझ्यापुढं सरकवली.

दोन दिवसांनी ओढून त्यांना दवाखान्यात नेलं. नळी घालून तपासलं. अन्ननलिकेत गाठ. डॉक्टर तरुण होती, सरळ बोलली. "गाठ अजून काढता येण्याजोगी आहे. पण अंगात ताकद नाही, आत्ता ऑपरेशन झेपणार नाही. या दीड महिन्यातच एवढं वजन उतरलंय. आधी थोडं थोडं पातळ अन्न देऊन अंग भरू द्या. मग बघू. घरात करणारं कोण आहे?"

"मी आहे," मी म्हणाले.

रिक्षात तात्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. "जूनपर्यंत मृणालला कळू द्यायचं नाही. तुम्हा बायकांचं मला माहीत आहे. घरातलं बाहेर जात नाही तुमच्याकडून."

मी होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

चार दिवस मी पेज नेली. नाचणीची, तांदळाची, मुगाची. ते चार चमचे घ्यायचे, छान झालीय म्हणायचे आणि वाटी बाजूला ठेवायचे. पाचव्या दिवशी दवाखान्यातल्या काट्यावर उभं केलं तर वजन आणखी उतरलेलं. डॉक्टरनं माझ्याकडं नुसतं बघितलं.

त्या बघण्यानं मी घरी जाऊन नुसती बसून राहिले. एकदा तोंड उघडायला नको होतं तेव्हा उघडलं. आता तात्या सांगताहेत की गप्प बैस. त्यांचा शब्द पाळला तर पहिल्या जूनला मृणाल पुण्याला जाईल, आणि तात्या जूनच बघणार नाहीत. शब्द मोडला तर तिची पुण्याची जागा जाईल, आणि या घरचं मी दुसऱ्यांदा बाहेर नेलं असं होईल. कुठूनही गेलं तरी मीच. रविवारी दुपारी उठले आणि हिरवाई सोसायटीचा जिना चढले.

मृणालनं दार उघडलं. आत पुण्याला न्यायची खोकी आत्तापासूनच भरून ठेवलेली. "काय छबूमावशी, आज फेरी नाही? मशीन बंद पडलं का?"

"बस जरा," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. दिवाळीपासूनचं, आमटीचं, दवाखान्याचं, जूनचं, वचनाचंही. ऐकून झाल्यावर ती उठून खिडकीशी गेली.

"मला न विचारता माझं भलं ठरवणारे तुम्ही दोघं कोण?" तिचा आवाज चिरकला. "मी त्यांना काय काय बोलले माहितीये त्या दिवशी? म्हटलं, तुम्हाला माझ्या हातचं विष वाटतं. अन् ते हसून गप्प बसले."

मी मान खाली घातली.

"आणि मशीननं तर न खाल्लेल्या म्हणून सांगितलं होतं!"

"मशीन तोंडातलं वाचत नाही. कायद्यानं बंद आहे."

"हो, सांगितलंत तुम्ही फेरीत." ती वळली. माझ्याकडं नीट बघायला लागली. "पण पुडी तुम्ही उघडली होती. बावीस वर्षं हातानं कचरा निवडलाय म्हणून सांगता ना सगळ्यांना? तुम्हाला दिसलं नाही?"

उत्तर तयार होतं. काचेवर वाफ होती. हातमोजे जाड होते. घाईत होते. दोन महिने ही तिन्ही उत्तरं मी घोटून ठेवली होती. इंदूला, तात्यांना दिलेलं मशीनचं उत्तरही होतंच. आणि ती मानणार होती. तिलाही ते बरं पडलं असतं.

"दिसलं होतं," मी म्हणाले. "उघडल्या उघडल्या दिसलं होतं. पण लोक हसत होते गं. आणखी हसावेत असं वाटलं."

मला वाटलं, आता थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

"आमटी जात होती म्हणाले?" तिनं विचारलं.

"हो."

"सगळी?"

"सगळी. पुरवून पुरवून."

ती स्वयंपाकघरात गेली. बांधलेलं एक खोकं फाडल्याचा आवाज आला, मग डाळ धुतल्याचा. मी दारापर्यंत गेले. ओट्यावर वाटीत चिंच भिजत घातली होती. तिच्या हातून पाणी ओटाभर सांडत होतं. मला राहवलं नाही. पुढं होऊन म्हटलं, "दे, मी कोळून देते."

"हात लावू नका."

मागं न वळता म्हणाली. बावीस वर्षं मी हे शब्द लोकांच्या दारात ऐकले. पाण्याला हात लावू नका, कठड्याला लावू नका, फाटकाला लावू नका. दर वेळी अंगाचा तिळपापड व्हायचा. वाटायचं, अरे, मी काय केलंय तुमचं?

त्या दिवशी मला राग आला नाही. मी हात मागं घेतला, चपला घातल्या आणि जिना उतरले.